झिजलेल्या रोलरबद्दल

प्रिय धाकटे,

हे पत्र थोरलीच्या हाती देतो आहे. उद्या रविवारी सकाळच्या बसने ती तुझ्याकडे येईल. सोमवारी तू ऑफिसला निघण्याआधी ते तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून टपालाच्या भरवशावर राहिलो नाही. काल दोनदा फोन लावला होता. दोन्ही वेळा तू ‘हॅलो’ म्हणालीस आणि मी ठेवून दिला. म्हाताऱ्याचं बोट चुकून लागलं असेल असं तुला वाटलं असेल. चुकून नव्हतं. मी बोलायला लागलो की भलतंच बोलून बसतो, आणि हे पत्रही त्याच पायी लिहावं लागतं आहे. लिहिताना निदान हात हळू चालतो. सहावी शिकलेल्या माणसाच्या चुका दिसतील, त्या मनातल्या मनात दुरुस्त कर. लहानपणी करायचीस तशा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

आधी बातमी सांगतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. आपला कारखाना विकत घेऊन आहे तसा चालू ठेवायचा बेत तुझ्या कंपनीने सोडला. आज सकाळी त्यांचं पत्र आलं. आपली सतरा गिऱ्हाइकं ते घेणार, त्यांची खोकी आता कंपनीच्या मोठ्या कारखान्यातून जाणार. यंत्रं भंगारात. शेड महिनाअखेर रिकामी करायची. मिस्त्री आणि बाकीची सहा माणसं, या सात जणांना तीन वर्षं कामावर ठेवायचं आधी ठरलं होतं, ते आता नाही. गुरुवारी माझ्या तोंडून जे गेलं त्यामुळे हे झालं. ते क्रमाने सांगतो. मध्येच शेवटचं पान उघडून पाहू नकोस, तुला ती खोड आहे.

तुम्हाला काय वाटतंय, असं थोरली मला तासातासाने विचारते. काही वाटत नाही. खळीत हात घालून दिवसभर पुठ्ठे चिकटवले की संध्याकाळी ती बोटांवर वाळून बसते, मग गरम पेला धरला तरी कळत नाही. तसं आहे. समोर ठेवलं की खातो. काल अंघोळ केली की नाही हे आठवेना, म्हणून आणखी एकदा केली. थोरली म्हणाली, अण्णा, तिसऱ्यांदा आहे ही. असेल. गॅस बंद आहे ना एवढं मात्र सारखं बघून येतो. ती सवय गेलेली नाही.

आपल्या गल्लीत एके काळी अकरा खोकीवाले होते. सकाळी शटर वर गेले की अकरा यंत्रांची खडखड एकदम सुरू व्हायची, आणि तुझी आई म्हणायची, या गल्लीत नवऱ्याशी भांडायचं तर रविवारीच, एरवी दोघांपैकी कुणालाच ऐकू येत नाही. प्रत्येकाचं गिऱ्हाईक बांधलेलं होतं. कुणाकडे जोडेवाला, कुणाकडे साबणवाला, आपल्याकडे बिस्किटवाला. मग एका जोडेवाल्याने दुसऱ्या जोडेवाल्याला घेतलं. साबणवाले तीन होते त्यांचा एक झाला. उरलेल्या एकाला सगळीकडे सारखंच खोकं हवं, आणि तेही एकाच ठिकाणाहून. आम्ही म्हणालो, हरकत नाही, थोडा फायदा कमी घेऊ. तेवढ्यात तुझ्या कंपनीने कागदाची गिरणीच विकत घेतली. मग असं झालं की ते ज्या भावाला तयार खोकं विकत, त्या भावाला आम्हाला नुसता कागदही मिळेना. शेजारच्या कारखान्यातले बुटके काका म्हणाले, पिठापेक्षा पाव स्वस्त झाला, आता पाववाल्याने भट्टीत काय स्वतःला घालून घ्यायचं? घरोघरी पार्सलं जायला लागली तेव्हा वाटलं, आता आपले दिवस आले, जग खोक्यावर चालणार. चाललंही. खोकी दसपट झाली आणि खोकीवाले दोन उरले. हे गणित मला अजून सुटत नाही.

तुला ते दहा वर्षांपूर्वीच सुटलं होतं. तेव्हा उरलेल्या सहा मालकांना तू आपल्याकडे बोलावलंस, कागदाच्या रिळांवर बसवलंस आणि सांगितलंस, सहा जण मिळून कागद घ्या, सहा जण मिळून एक मोठं यंत्र आणा, नाहीतर एकेक करून गिळले जाल. बुटके काकांनी विचारलं, पाटीवर पहिलं नाव कुणाचं? कोपऱ्यावरच्या मालकाने विचारलं, गोदामाची किल्ली कुणाकडे राहणार? अर्धा तास किल्लीवर गेला. शेवटी मी उठलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, पुठ्ठ्यात लाटा असतात म्हणून खोक्याची होडी होत नाही, आणि पोरीने चार पुस्तकं वाचली म्हणून तिने बापाला पोहायला शिकवू नये. सगळे हसले. तूही हसलीस असं मला वाटलं होतं. दुसऱ्या महिन्यात तू त्या कंपनीत नोकरी धरलीस, तेव्हा मी त्याच चारचौघांत म्हणालो की माझा हिचा संबंध संपला. तुझी आई गेली तेव्हा तू आलीस, दारापाशी बसलीस आणि तिथूनच परत गेलीस. आत ये असं मी म्हणालो नाही. म्हणायचं होतं. पण लोक होते, चपलांचा घोळ झाला होता, कुणाची चप्पल कुणी घालून गेलं होतं, त्यातच राहिलं.

त्यानंतर तुझी कंपनी या गल्लीत एकेक कारखाना घेत गेली. प्रत्येक वेळी पाहणीला तू आलीस हे मला दुसऱ्यांकडून कळायचं. समोरच्या फुटपाथवरून तू गेलीस हेही कळायचं. बुटके काकांनी विकलं तेव्हा ते मला म्हणाले, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते खोटं नाही. मी त्यांना उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं, कारण नंतर तेच म्हणाले की तुझ्या पोरीने भाव सरळ दिला, एका शब्दाने फसवलं नाही. आता घरी करमत नाही म्हणून ते रोज अकरा वाजता आपल्याकडे येऊन बाकावर बसतात आणि आमच्या माणसांना काम शिकवतात. माणसं त्यांना बिनपगारी साहेब म्हणतात. त्यांच्या तोंडावर म्हणतात.

गेल्या महिन्यात तू आलीस. शनिवार होता. सपाट बूट, हातात वही, आणि कानांवर केस पांढरे झालेले. ते कुणी सांगितलं नव्हतं. तू माझ्याकडे न येता आधी यंत्राकडे गेलीस आणि ताप बघतात तसा त्याच्या झाकणावर हात ठेवलास. मिस्त्री ते बंद करायला धावला, तर तू म्हणालीस, चालू द्या, ऐकू द्या. मग झाकण उघडायला लावलंस आणि रोलरच्या दातांवरून नख फिरवलंस. म्हणालीस, अण्णा, हे फार झिजलेत. मी म्हणालो, तुझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत. तू हसलीस. या वेळी खरंच हसलीस, मी नीट पाहिलं. मग मिस्त्रीला त्याच्या गुडघ्याचं विचारलंस, प्रत्येकाला वय विचारलंस, किती वर्षं काम करतोस ते विचारलंस आणि लिहून घेतलंस. मी तुझ्यामागून चालत दमट हवेने कागद कसा फुगतो ते सांगत होतो, जणू तुला ते ठाऊकच नाही. तू कामासाठी आलीस की मला भेटायला, हे मी विचारलं नाही. भेटायला आलीस असं धरून चाललो, कारण तेच बरं वाटत होतं. निघताना तू म्हणालीस, कंपनीचं कुणी आलं तर मिस्त्रींना बोलू द्या, तुम्ही नुसतं बसा. मला वाटलं, बापाचं बोलणं हिला चारचौघांत लाजिरवाणं वाटतं. मी बरं म्हणालो आणि शटरचं कुलूप तपासत बसलो. तू आणखी काही सांगणार होतीस का? कुलूप नीटच होतं.

पंधरा दिवसांनी कंपनीकडून जाड पाकीट आलं. पाहणीचा अहवाल, वाचून प्रत्येक पानावर सही करून परत पाठवा, असं वर लिहिलेलं. छापील कागदाची मला भीती वाटते हे तुला माहीत आहे. आठ दिवस तो ड्रॉवरमध्ये होता, आणि त्यावर मी टाचण्यांचा डबा ठेवला होता, जणू तो उडून जाणार होता. थोरलीला सांगितलं असतं तर तिने दहा मिनिटांत वाचून दाखवला असता. उद्या सांगू, असं रोज म्हणत होतो.

गुरुवारी दुपारी चष्मेवाला आला. तुझ्या कंपनीचा, तुला ठाऊक असेल, हळू बोलतो आणि बसण्याआधी खुर्ची पुसतो. येणार म्हणून कळवलं नव्हतं. मिस्त्री गुडघा दाखवायला दवाखान्यात गेला होता. बुटके काका बाकावर होते. चष्मेवाल्याने आनंदाची बातमी आणली होती. आपली दोन खोकी त्यांनी प्रयोगशाळेत दाबून पाहिली, आणि त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातल्या खोक्यापेक्षा आपल्या खोक्याने जास्त वजन पेललं. तुमचे रोलर अगदी उत्तम दिसतात, म्हणाला. पुढच्या महिन्यापासून आमचा नवा पातळ कागद तुमच्या यंत्रावर चालवू, तीन वर्षं हा कारखाना असाच राहील, सातही माणसं राहतील. कागद कमी लागतो, खोकं हलकं होतं, सगळा बाजार आता पातळ कागदाकडेच चाललाय.

त्या रोलरवर पातळ कागद? तू हे समजशील, पण त्याला मी कसं सांगितलं ते तुला कळावं म्हणून लिहितो. मी म्हणालो, साहेब, मधल्या कागदाला लाट येते ती या दोन रोलरच्या दातांमधून जाताना. दात झिजले की लाट बुटकी होते, आणि बुटक्या लाटेचं खोकं भाराखाली बसतं. आमचे दात कधीच झिजलेत. आम्ही मधला कागद ठरल्यापेक्षा जाड घालतो आणि यंत्र निम्म्या वेगाने चालवतो, म्हणून खोकं भार पेलतं. मी त्याला हाताला धरून यंत्रापाशी नेलं, झाकण उघडलं आणि त्याचं बोट दातांवरून फिरवलं. माझ्या डोळ्यांसमोर एकच दिसत होतं. कुठल्या तरी गोदामात थप्पी खाली बसतेय, कुणाच्या अंगावर येतेय, आणि मग चौकशीत मिस्त्रीला धरतायत. मरेपर्यंत तो घोर मला नको होता. बुटके काका मागून सारखे खोकत होते. मी वळून म्हणालो, औषध घ्या हो काहीतरी.

चष्मेवाल्याने आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं, रोलर दोन वर्षांपूर्वी नवे बसवलेत असं आमच्याकडे कुणी सांगितलं? मी म्हणालो, तुमच्याकडून इथे अजून कुणी आलंच नाही. आली ती माझी धाकटी मुलगी. तुमच्याच कंपनीत आहे, तिला विचारा, ती या यंत्राच्या खडखडाटात वाढलीय, रोलरचा एकेक दात तिला पाठ आहे. हे मी छाती फुगवून सांगितलं. दहा वर्षांत पहिल्यांदा परक्या माणसासमोर तुझं कौतुक केलं. त्याने विचारलं, तुमची मुलगी? मी हो म्हणालो, आणि तुझा विभागही सांगितला, तो चुकू नये म्हणून दोनदा सांगितला. त्याने हातातली फाईल उघडून शेवटचं पान बराच वेळ पाहिलं. पेनाला टोपण लावलं. अर्धा चहा तसाच ठेवून गेला. जाताना नमस्कार केला, तेव्हा मला वाटलं, माणूस सज्जन आहे. बुटके काकांनी तो अर्धा चहा मोरीत ओतला. मग म्हणाले, हात दाखवून अवलक्षण केलंस रे बाबा. तरी मला कळलं नाही. मिस्त्री दवाखान्यातून आला, त्याने सगळं ऐकलं आणि तो रिळावर बसला. त्याला तर तू सगळं सांगूनच गेली होतीस. मला सांगू नका असंही सांगून गेली होतीस. बरोबर केलंस. मला सांगितलं असतं तर मी आणखी लवकर बोललो असतो.

शुक्रवारी सकाळी थोरलीने अहवाल वाचला. रोलर नवे, आठ वर्षं चालतील. माणसं कसबी, सातही ठेवण्याजोगी. प्रत्येकाबद्दल तू दोन-दोन ओळी लिहिल्या आहेस. मिस्त्रीबद्दल चार. खाली तुझी सही, सासरच्या नावाची. सहीच्या वर एक रकाना होता, पाहणी करणाऱ्याचं मालकाशी नातं. त्यात तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, नाही. थोरली तिथे थांबली. मी म्हणालो, पुढे वाच. पुढे काही नव्हतं.

मिस्त्रीने मला एका शब्दाने बोल लावला नाही. बाकीच्या सहा जणांनी चहाच्या वेळी आज माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली, जी रोज मी स्वतः ओढतो. यंत्र आता भंगारात जायचं आहे, तरी मिस्त्री सकाळी त्याला तेल देत होता. कशाला, म्हणून विचारलं. म्हणाला, कोरडं वाजतं ते कानाला सोसत नाही. तुझ्या नोकरीचं काय होणार ते मी त्यालाही विचारलं, बुटके काकांनाही विचारलं. मिस्त्री म्हणाला, ताई हुशार आहेत. काकांनी नुसती मान हलवली. त्यांना सांगायचं नव्हतं, पण मला कळलं. सोमवारी तुला आत बोलावतील. तिथे तुझ्या बाजूने बोलायला कुणी असणार नाही, आणि घरचे हप्ते, मुलांच्या शाळा हे सगळं तुझ्या एकटीच्या पगारावर आहे, हे थोरलीने मला काल सांगितलं. इतके दिवस मला तेही माहीत नव्हतं.

म्हणून हे पत्र. सोबत घडी घातलेला दुसरा कागद आहे, तो खरा महत्त्वाचा आहे. त्यावर मी माझ्या हाताने लिहिलं आहे की पाहणीच्या दिवशी रोलर नवे असल्याचं मीच खोटं सांगितलं, यंत्राचं झाकण उघडू दिलं नाही, आणि तुला फसवलं. गुरुवारी मग खरं का सांगितलं असं ते विचारतील, म्हणून लिहिलं आहे की मला भीती वाटली. साक्षीदार म्हणून मिस्त्रीने सही केली आहे. बुटके काकांनी पाहणीच्या दिवशी काही पाहिलंच नव्हतं, तरी हट्टाने केली. नात्याच्या रकान्याचं मला काही करता येईना. एवढंच लिहिलं आहे की दहा वर्षांपूर्वी मी तुला घराबाहेर काढलं आणि माझा हिचा संबंध नाही असं लोकांसमोर सांगितलं होतं. ते आणि भीतीचं, ही दोन वाक्यं खरी आहेत, बाकीचं सगळं चार वेळा खोडून लिहिलं. तू आत गेलीस की आधी हा कागद पुढे कर आणि मग बोल. बोलताना माझ्यावर चिडल्यासारखी बोल. माझं काय व्हायचं ते होऊ दे, कारखाना तर गेलाच आहे. फक्त तारखेची जागा मी मोकळी सोडली आहे. आजची घातली तर सगळं मागाहून रचल्यासारखं दिसेल, आणि कोणती घालावी ते मला कळेना. ती तू घाल, आणि आकडे काढताना हात जरा कापरा ठेव, म्हणजे माझे वाटतील.

तुझाच,
अण्णा